पोटातल्या नळीभोवतीची त्वचा लाल का होते?

तोंडाने गिळता न येणाऱ्या रुग्णाला पोटातून थेट जठरात अन्न देणारी नळी बसवून घरी आणलं, की काही दिवसांनी नळीभोवती लाली दिसते आणि घरात पहिला शब्द येतो 'पू'. मग कुणी अँटिबायोटिक मलम चोपडतं, कुणी हळद दाबतं. पुष्कळदा तिथे जंतूंचा काही संबंधच नसतो. जठरातला रस झिरपून त्वचा पचू लागलेली असते.

जठरातल्या पेशी पेप्सिनोजेन हे निष्क्रिय प्रथिन सोडतात. आम्लात पडताच ते स्वतःचाच एक तुकडा छाटून टाकतं आणि त्याचं पेप्सिन होतं. १८३६ साली जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांनी शोधलेलं हे विकर (एन्झाइम) पीएच २ च्या आसपास (पीएच हे आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) सर्वात जोमाने प्रथिनं तोडतं. बांगडा असो वा माणसाची कातडी, त्याला सारखंच. मग जठर स्वतः का पचत नाही? त्याच्या अस्तरावर श्लेष्माचा, म्हणजे बुळबुळीत स्रावाचा थर असतो आणि त्या थरात आम्ल मारणारं बायकार्बोनेट मुरलेलं असतं. पोकळीत पीएच २ असला तरी पेशींलगत तो ७ च्या जवळ राहतो, आणि तिथे पेप्सिन निकामी होतं. त्वचेला हे कवच नाही. वरच्या थरातलं केराटिन हे प्रथिन चिवट खरं, पण सतत ओलं राहिलं की फुगतं, सैल होतं आणि खालच्या जिवंत थराकडे जायला रसाला वाट मोकळी होते. गोव्याच्या पावसाळी दमट हवेत घाम आणि ओलं गॉझ यांची त्यात भर पडते.

म्हणून रोज कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवून जागा पूर्ण कोरडी करायची आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्यायचा. ते ओल अडवतं, थोडं आम्लही मारतं. नळीला बाहेरून धरून ठेवणाऱ्या चकतीखाली गॉझची जाड घडी कोंबू नये, दाबाने जखम होते. गळतंय म्हणून जाड नळी घालणंही चूक, भोक आणखी रुंदावतं. चकती सैल झाली का, जठरात पाण्याच्या फुग्याने अडकून राहणारी नळी असेल तर फुग्यातलं पाणी कमी झालं का, हे आधी तपासून घ्यावं. लालीभोवती बारीक पुटकुळ्या विखुरल्या असतील तर बहुधा बुरशी असते, तिचं औषध वेगळं.

अंगारा आणि हळद मात्र नकोच. राख निर्जंतुक नसते, आणि हळदीच्या पिवळ्या रंगाखाली पसरणारी लाली दिसतच नाही. ताप, वाढती लाली, दुर्गंधी किंवा तीव्र वेदना असेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं. नळी निसटली तर जवळचं रुग्णालय किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) त्याच क्षणी गाठावं, कारण भोक काही तासांतच आकसून बंद होऊ लागतं.