विचारलं म्हणून विचार येत नाहीत

मेसचा डबा तीन दिवस दाराबाहेर तसाच पडलाय. सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खा मजला जागा ठेवणारा मुलगा दुपारी दोनपर्यंत पांघरुणात असतो. जिवापाड जपलेले हेडफोन त्याने रूममेटला देऊन टाकलेत. होस्टेलवर राहिलेल्या अनेकांनी असं कुणीतरी पाहिलं असेल. रूममेटलाही कळतं की काहीतरी बिनसलंय. तरी आत्महत्येबद्दलचा प्रश्न तो गिळतो, कारण विचारलं आणि नसलेला विचार त्याच्या डोक्यात भरला तर?

ही भीती संशोधकांनी तपासून पाहिली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ किशोरवयीन विद्यार्थ्यांवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं, दुसऱ्याला नाही. दोन दिवसांनी दोन्ही गटांना विचारलं. आधी विचारलेल्या मुलांची अस्वस्थता वाढली नव्हती, असे विचारही वाढले नव्हते. आधीपासून नैराश्यात असलेली मुलं तर, त्यांच्यासारख्याच पण न विचारलेल्या मुलांपेक्षा, कमी अस्वस्थ होती.

आपण विचारतो तेव्हाही बहुतेकदा असं: ‘तुझ्या डोक्यात असलं काही नाही ना?’ या ‘नाही ना’मध्येच उत्तर ठरलेलं असतं. समोरचा ‘छे, काही नाही’ म्हणतो आणि दोघंही सुटतात. त्यापेक्षा शेजारी बसून सरळ विचारावं, ‘जीव संपवावा असं वाटतं का तुला?’ आणि मग गप्प राहावं. ती शांतता जड जाते, पण ती आपण भरून काढायची नाही.

‘हो’ आलं तर ‘आईबाबांचा विचार कर’ हे वाक्य कृपया नको. तो विचार त्याने हजारदा केलेला असतो, बहुधा अपराधीपणाने. तीव्र वेदनेत मन बोगद्यासारखं अरुंद होतं, दुसरी वाट दिसतच नाही. पण ही तीव्रता चढते तशी ओसरतेही. म्हणून त्या वेळात त्याला एकटं सोडायचं नाही, स्वतःला इजा करता येईल अशा वस्तू लांब ठेवायच्या आणि मदत गाठायची. बरं वाटत असताना समुपदेशकासोबत एक कागद लिहून ठेवता येतो: धोक्याची चाहूल कशी लागते, तेव्हा काय केल्याने जरा हलकं वाटतं, कुणाला फोन करायचा. अमेरिकेत अशा कागदाला फोनवरच्या पाठपुराव्याची जोड दिली, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांच्या तुलनेत, आत्मघाती वर्तन जवळपास निम्मं होतं. हा अभ्यास २०१८ चा.

त्याच्या चारच वर्षांनंतर, २०२२ मध्ये, भारतात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन सुरू झाली. नंबर १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. रूममेटनेही करावा, ‘मित्राशी कसं बोलू?’ एवढंच विचारायला.