‘फियाट’पासून नेक्सॉनपर्यंत : देशी-विदेशी गाड्यांच्या नावलौकिकाची पार्श्वभूमी

गाडी घ्यायची ठरली की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, जपानी घे आणि डोळे मिटून चालव. दुसरा म्हणतो, आधी पत्रा बघ, टाटा किंवा महिंद्राच घे. मग कोणाला तरी शेजाऱ्याच्या जर्मन गाडीच्या गिअरबॉक्सचं बिल आठवतं. ही मतं कोणी मनाने रचलेली नाहीत. प्रत्येकामागे एखादा काळ, एखादा कारखाना आणि बऱ्याचदा दिल्लीत झालेला एखादा निर्णय आहे. मात्र यातल्या कुठल्याही काळात आपली ‘देशी’ गाडी पुरती देशी नव्हती, हे वाद घालताना हमखास विसरलं जातं.

जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला १९२८ मध्ये सुरुवात केली. फोर्डही होतीच. सुटे भाग बोटीने यायचे, इथे जोडले जायचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांना यापलीकडे जायचं होतं. फोर्डशी जमलं नाही, तेव्हा त्यांनी क्रायस्लरशी करार केला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ बाहेर पडू लागल्या. तिकडे बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ मध्ये ओखा बंदरात सुरू झाली आणि पुढे बंगालात उत्तरपाड्याला गेली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा, म्हणजे जकातीचा विचार करणाऱ्या सरकारी आयोगाचा, अहवाल आला. टप्प्याटप्प्याने सगळे भाग इथेच बनवायची तयारी असेल त्यांनी राहावं, नुसत्या जोडणीवाल्यांनी गाशा गुंडाळावा, असं धोरण ठरलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या. उरल्या मोजक्या देशी कंपन्या, आणि त्यांच्या हातात मॉरिस, फियाट आणि स्टँडर्ड यांची ड्रॉइंगं.

मॉरिस ऑक्सफर्डची अँबॅसडर झाली. फियाट ११०० कुर्ल्यात बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचं बारसं ‘प्रीमियर पद्मिनी’ असं झालं. मुंबईने मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. मूळ गाड्या त्यांच्या काळात वाईट नव्हत्या. पण युरोपात त्यांची मॉडेलं पाच-सात वर्षांनी बदलत गेली आणि आपल्याकडे पत्रा दाबायचे साचे झिजेपर्यंत त्याच गाड्या निघत राहिल्या. स्पर्धा नव्हती, आयातीवर जबर जकात होती, नवीन मॉडेल काढायला किंवा उत्पादन वाढवायला परवाना लागायचा. १९८० च्या सुमारास अख्ख्या देशात वर्षाला जेमतेम ३० हजार मोटारी बनत होत्या. पैसे भरून वर्षानुवर्षं थांबायचं, नाहीतर ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, देऊन दुसऱ्याचा नंबर घ्यायचा. गिऱ्हाईक रांगेतच उभं असेल, तर दाराला रबर नीट बसलंय का हे कारखान्याने कशाला बघायचं?

त्या गाड्यांबद्दल आज जो गहिवर दिसतो तो माझ्या गळी उतरत नाही. मे महिन्यात बोरघाट चढताना अर्ध्या वाटेवर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे तेव्हाचं नेहमीचं दृश्य होतं. इंजिनाच्या धगीने गाडीतल्या पेट्रोलच्या पंपात वाफ धरायची, कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचायचं नाही आणि गाडी आचके देऊन बंद पडायची. ड्रायव्हर शांतपणे उतरायचा, फडकं ओलं करून पंपावर गुंडाळायचा, रेडिएटरचं झाकण जपून सैल करायचा, विडी पेटवायचा. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी निघायची. सकाळी चोक ओढून चालू करणं, पॉइंट पॉलिश पेपरने घासणं, प्लग काढून पुसणं हे मालकाला यावंच लागे. डिकीत पाण्याचा कॅन, जादा फॅनबेल्ट आणि पाने नसतील तर घरची मंडळी लांबच्या प्रवासाला बसायला कुरकुर करायची.

तरीही ‘अँबॅसडर म्हणजे भरवशाची’ हे वाक्य याच काळातलं, आणि ते खोटं नव्हतं. फक्त भरवशाचा अर्थ वेगळा होता. गाडी बिघडणार हे धरूनच चाललेलं असायचं. प्रश्न एवढाच, की ती जिथे बिघडेल तिथे दुरुस्त होईल का? तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागच्या गॅरेजात कोणीही मिस्त्री ती उघडू शकत होता आणि भाग मिळत होते. मिळाला नाही तर लेथवर बनवून घेता येत होता. याच्या उलट एखाद्या शेठजींची अमेरिकी इंपाला किंवा दुबईहून आणलेली गाडी. चालताना ती विमान, पण एक विंडस्क्रीन फुटली की सहा महिने ताडपत्रीखाली. त्यामुळे लोकांच्या डोक्यात दोन गोष्टी एकदमच पक्क्या बसल्या : विदेशी गाडी उत्तम असते, आणि ती परवडत नाही. पुढची चाळीस वर्षं आपण हीच दोन वाक्यं घोळवत आहोत.

ऐंशीच्या दशकात देशी कंपन्यांनी जे ‘नवं’ आणलं, ते म्हणजे एकाचं धड आणि दुसऱ्याचं डोकं. कॉन्टेसाला व्हॉक्सहॉलचा जुना सांगाडा, आणि पुढे इसुझूचं इंजिन. प्रीमियर ११८ एनईला फियाट १२४ चा घाट आणि निसानचं इंजिन. सगळ्यात फजिती झाली ती मद्रासच्या स्टँडर्ड २००० ची. ब्रिटनमधल्या रोव्हर एसडी-१ चं देखणं शरीर घेतलं आणि आत जुन्या व्हॅन्गार्ड गाडीच्या वंशातलं इंजिन बसवलं. वरून साहेब, आतून ट्रॅक्टर. तीन-चार वर्षांत ती गुंडाळावी लागली.

मारुती ८०० ची पहिली चावी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पुढच्या चाकांना ओढ आणि किंमत पन्नास हजारांच्या आत. ‘काड्यापेटी’ म्हणून हसले लोक. पण ती सकाळी पहिल्या चावीला चालू व्हायची, घाटात तापायची नाही, आणि हे बायकापोरांनाही दिसत होतं. कंपनी तेव्हा सरकारी होती, जपानच्या सुझुकीचा वाटा होता २६ टक्के. म्हणजे कागदोपत्री ही अँबॅसडरपेक्षाही देशी गाडी! फरक मालकीत नव्हता. सुझुकीने नुसती ड्रॉइंगं दिली नाहीत. कामाची शिस्त आणली, आणि आजूबाजूला सुट्या भागांचे कारखाने उभे करून त्यांच्या मालाची तपासणी आपल्या मापाने सुरू केली. साहेब आणि कामगार एकाच कँटीनमध्ये जेवतात याचं तेव्हा केवढं अप्रूप होतं. ‘जपानी म्हणजे बिनबोभाट’ या समजाचा आपल्याकडचा उगम हा असा.

१९९३ मध्ये मोटारींचा परवाना उठला आणि विदेशी कंपन्यांची रीघ लागली. विदेशी पाटीने भरवसा मिळत नाही, हे याच दशकाने दाखवलं. प्यूजो ३०९ कल्याणजवळ प्रीमियरच्या भागीदारीत बनू लागली. चालवायला झकास गाडी, पण कामगारांचा तंटा पेटला आणि काही वर्षांतच फ्रेंच कंपनी निघून गेली. फियाट उनोचं बुकिंग लाखांच्या वर गेलं आणि संप झाल्याने लोक गाडीऐवजी आपल्या पैशांची वाट बघत बसले. देवूची मॅटिझ अनेकांच्या मते ह्युंदाईच्या सॅन्ट्रोहून सरस होती. कोरियातली मूळ कंपनीच बुडाली आणि इथले मालक सुट्या भागांसाठी दारोदार फिरू लागले. ह्युंदाई टिकली, कारण गाडीसोबत तिने सर्व्हिसचं जाळंही विणलं.

देशी बाजूने १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली. पहिली संपूर्ण भारतीय मोटार म्हणून तिचा गाजावाजा झाला, आणि अभिमान वाटावा असंच ते काम होतं. पण पिंपरीत तिची जोडणी झाली ती निसानने ऑस्ट्रेलियात बंद केलेल्या कारखान्यातून सोडवून आणलेल्या यंत्रसामग्रीवर. रूपरेखा इटलीतल्या तुरीनच्या आयडिया या संस्थेची. इंजिनाला फ्रेंच सल्लागारांचा हात. आठवडाभरात एक लाखाहून अधिक बुकिंग झालं आणि मग तक्रारींचा पाऊस सुरू झाला. आवाज, थरथर, पुढची चाकं-सस्पेन्शन, किरकोळ वाटणारे पण रोज छळणारे दोष. कंपनीने गाड्या बोलावून भाग फुकट बदलून दिले, आणि २००१ मध्ये सुधारलेली व्ही-टू आणली. ती खरोखर चांगली होती. डिझेलचं ॲव्हरेज आणि मागची ऐसपैस सीट यामुळे टुरिस्टवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं. लाखो किलोमीटर पळालेल्या इंडिका पुणे-मुंबई रस्त्यावर सर्रास दिसायच्या. पण पहिल्या दोन वर्षांत बसलेला ‘टाटाची पहिली बॅच घेऊ नये’ हा शिक्का आजही नवीन मॉडेल आलं की बाहेर निघतो. हीच इंडिका २००३ मध्ये ब्रिटनमध्ये ‘सिटीरोव्हर’ नावाने विकली गेली आणि तिथल्या समीक्षकांनी तिची सालटी काढली. पुढे रोव्हर कंपनी बुडाली, आणि २००८ मध्ये टाटांनी जॅग्वार-लँड रोव्हर विकत घेतली. त्या गाड्या ब्रिटिश, ऐटबाज आणि दोषांच्या अमेरिकी पाहण्यांत वर्षानुवर्षं तळाकडच्या.

महिंद्राची कथा वेगळी नाही. विलीज जीप जोडण्यापासून सुरुवात, आणि २००२ ची नाशिकमध्ये बनलेली स्कॉर्पिओ हे वळण.

देशी-विदेशीच्या वादात मला निर्णायक वाटणारा पुरावा मात्र पुण्याजवळच्या रांजणगावात आहे. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन तिथे बनायचं. टाटांच्या इंडिका व्हिस्टात ते क्वाड्राजेट नावाने बसलं आणि फियाटच्या पुंतो-लिनियात स्वतःच्या नावाने. मारुती स्विफ्टमध्ये तेच डीडीआयएस झालं; तिचं इंजिन मानेसरला परवान्याखाली बनत होतं. मुळात एकच इंजिन. स्विफ्टवाला छातीठोक सांगायचा, ‘मारुतीचं इंजिन आहे, बघायला नको.’ व्हिस्टाला ‘ठीक आहे, टॅक्सीला बरी.’ आणि ज्यांनी ते इंजिन घडवलं त्या फियाटला ‘भाग मिळत नाहीत, रिसेल नाही.’ गिऱ्हाईक इंजिनाबद्दल बोलतोय असं वाटायचं, प्रत्यक्षात तो सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते सांगत होता. यात त्याचं फारसं चुकत होतं असंही नाही. जनरल मोटर्सने २०१७ अखेर इथली विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. एका जाहीर निवेदनात दारातल्या गाडीची किंमत उतरते, हे लोकांनी पुन्हा अनुभवलं.

अलीकडे या वादात तिसराच धागा मिसळला. जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने इथल्या पाच छोट्या गाड्यांची टक्कर-चाचणी केली. अल्टो, नॅनो, आय-टेन, फिगो आणि बिनएअरबॅगची पोलो. पाचही शून्य तारे. देशी, जपानी, कोरियन, अमेरिकी, जर्मन सगळे एका माळेचे मणी. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनने पाच तारे मिळवले, भारतात बनलेली ती असं करणारी पहिली गाडी, आणि ‘देशी म्हणजे दणकट’ हा नवा लौकिक जन्माला आला. तो कष्टाने कमावलेला आहे. पण धडकेत माणूस वाचवणं आणि पाच वर्षं विनातक्रार चालणं हे दोन वेगळे गुण आहेत. पत्र्यावर बोटाने टकटक करून दोन्हींचा निकाल लावणारे गल्लोगल्ली भेटतात.

असा निकाल लावावा लागतो याचंही कारण आहे. जर्मनीत गाड्यांच्या सक्तीच्या ठरावीक तपासणीत सापडलेल्या दोषांची मॉडेलवार यादी दरवर्षी छापली जाते. अमेरिकेत ग्राहकांची संस्था हजारो मालकांना विचारून तक्ते काढते. जपानी गाड्यांनी डेट्रॉइटला मागे टाकल्याचं तिथल्या सामान्य माणसाला त्या तक्त्यांतून कळलं. आपल्याकडे खाजगी गाडीची तपासणी थेट १५ वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणाला. दोष मान्य करून गाड्या परत बोलावण्याची उत्पादकांची ऐच्छिक पद्धत सुरू झाली २०१२ मध्ये. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सला एक लाखाहून अधिक टवेरा परत बोलवाव्या लागल्या, कारण धुराच्या तपासणीत गैरप्रकार झाले होते. सक्तीचा कायदा २०१९ च्या दुरुस्तीने आला आणि एप्रिल २०२१ पासून लागू झाला. तोही सुरक्षेशी निगडित दोषांपुरता आणि सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरता. एसी तिसऱ्यांदा गेला किंवा डॅशबोर्डचा स्क्रीन अडकून मागचा कॅमेरा दिसेनासा झाला, तर देशी असो वा विदेशी, त्याची नोंद सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डावरच राहते आणि पुढचा गिऱ्हाईक पुन्हा शेजाऱ्यालाच विचारतो.