ट्रायक्लोरोइथिलिन संपलं, पण पाणी शुद्ध झालं का?

यंत्रांच्या सुट्या भागांवरचं ग्रीस काढायला ट्रायक्लोरोइथिलिन आणि ड्रायक्लीनिंगला पर्क्लोरोइथिलिन ही द्रावकं अनेक दशकं वापरली गेली. जमिनीत सांडल्यावर ती पेट्रोलसारखी भूजलावर तरंगत नाहीत. ट्रायक्लोरोइथिलिन पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असल्यामुळे खाली बुडतं, खडकाच्या फटींत आणि चिकणमातीत शिरतं आणि तिथून वर्षानुवर्षं थोडंथोडं विरघळत राहतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला फक्त 5 मायक्रोग्रॅम आहे. म्हणूनच पाणी उपसून ते शुद्ध करण्याचं काम संपता संपत नाही.

जिथे पंप हतबल होतो तिथे काही जिवाणू कामी येतात. 1997 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी सांडपाण्याच्या गाळातून मिळवलेल्या एका विलक्षण जिवाणूची माहिती प्रसिद्ध केली. आज त्याला डीहॅलोकोकॉइड्स म्हणतात. ऑक्सिजन त्याला सोसत नाही. आपण श्वसनात ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतो. हा ते क्लोरीनयुक्त द्रावकाला देतो. त्यात रेणूवरचा एकेक क्लोरीन निघतो आणि त्या जागी हायड्रोजन बसतो. पर्क्लोरोइथिलिनपासून ट्रायक्लोरोइथिलिन, मग डायक्लोरोइथिलिन, मग व्हायनिल क्लोराइड आणि अखेर निरुपद्रवी इथिलीन.

या साखळीतला व्हायनिल क्लोराइड मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यामुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे आणि त्याची मर्यादा आणखी कडक आहे, 2 मायक्रोग्रॅम. डायक्लोरोइथिलिनपर्यंत पोचणारे जिवाणू बरेच आहेत, पण तिथून इथिलीनपर्यंत नेणारे अगदी मोजके. ते नसतील, किंवा त्यांना हायड्रोजन कमी पडला, तर काम अर्ध्यावर अडतं.

म्हणून विहिरींतून जमिनीत वनस्पती तेलाचं इमल्शन, लॅक्टेट किंवा मळी सोडतात. इतर जिवाणू ते आंबवतात. त्यात ऑक्सिजन संपतो आणि हायड्रोजन तयार होतो. योग्य जिवाणू मुळात नसतील तर प्रयोगशाळेत वाढवलेलं विरजणही सोडावं लागतं. आंबवण्यानं पाणी आम्लधर्मी होतं आणि सामू 6 च्या खाली गेला की डीहॅलोकोकॉइड्स मंदावतो, मग सोडा घालून तो सावरतात. मातीतलं लोह, मँगनीज, कधी आर्सेनिकही या काळात पाण्यात उतरू शकतं.

त्यामुळे ट्रायक्लोरोइथिलिनचा आकडा घसरला एवढ्यावर कोणी यश जाहीर केलं, तर व्हायनिल क्लोराइड आणि इथिलीन किती आहे, हे आधी विचारायला हवं.