विभागाच्या संगणकावर लॉगिन होत नाही? अर्जाआधी काय पाहावं, अर्जात काय लिहावं

विद्यापीठाच्या विभागात संगणक कक्ष सांभाळताना एक गोष्ट मला सतत खटकते. अर्ज येतो तो एका ओळीचा: ‘लॉगिन होत नाही, पासवर्ड बदलून मिळावा.’ पासवर्ड बदलून दिला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच विद्यार्थी पुन्हा दारात उभा असतो, कारण बिघाड पासवर्डात नव्हताच. प्रबंध सादर करायची तारीख तोंडावर आलेल्या मुलीचे असे दोन दिवस वाया गेले की जीव हळहळतो.

म्हणून पडद्यावर आलेला संदेश आधी शब्दशः उतरवून घ्या किंवा त्याचा फोटो काढा. अर्धा निदान तिथेच होतं.

‘युजरनेम ऑर पासवर्ड इज इनकरेक्ट’ असं आलं, तर कॅप्स लॉक आणि कोपऱ्यात दिसणारी कीबोर्डची भाषा पाहा. सामाईक यंत्रावर आधीच्या कुणीतरी मांडणी बदललेली असू शकते. ब्रिटिश मांडणीत ॲट आणि दुहेरी अवतरणाची कळ एकमेकींच्या जागी येतात. युजरनेमच्या चौकटीत दोन-चार चिन्हं टाइप करून बघा, लगेच कळतं. मग चौकटीखालची ‘साइन इन टू’ ही ओळ वाचा. तिथे विद्यापीठाच्या डोमेनऐवजी, म्हणजे सगळ्यांची खाती एकत्र सांभाळणाऱ्या जाळ्याच्या नावाऐवजी, त्या संगणकाचंच नाव असेल, तर तो तुमचं खातं स्वतःच्या पोटात शोधतोय. तिथे ते नाहीच. अशा वेळी डोमेनचं नाव, बॅकस्लॅश आणि मग युजरनेम असं लिहायचं.

‘माझ्या मैत्रिणीचं होतं, माझंच होत नाही’ ही तक्रार मला फार महत्त्वाची वाटते. विंडोज पूर्वी त्या यंत्रावर येऊन गेलेल्यांची ओळख जपून ठेवतं. मूळ रचनेत शेवटच्या १० जणांची. लॅनची, म्हणजे नेटवर्कची, केबल सैल असली, तरी ते जुने लोक आत जातात. नवा प्रवेश घेतलेल्याला मात्र सर्व्हरशी बोलल्याशिवाय दार उघडत नाही. तेव्हा दोष तुमच्या खात्यात नाही, केबलमध्ये असू शकतो. अर्ज न करता लॅब असिस्टंटना यंत्राचा क्रमांक सांगा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आणखी एक दुखणं डोकं वर काढतं. मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो आणि संगणकाचं घड्याळ भलतीच वेळ दाखवतं. डोमेनची ओळखतपासणी मूळ रचनेत ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते. ‘ट्रस्ट रिलेशनशिप’, म्हणजे यंत्र आणि डोमेन यांच्यातली ओळख, तुटल्याचा संदेश आला, तर ते यंत्र डोमेनला नव्याने जोडावं लागतं, आणि तो अधिकार विद्यार्थ्याकडे नसतो. दोन्हीत पासवर्ड बदलून काही होणार नाही.

‘लॉक्ड आउट’ दिसलं की हात थांबवा. खातं पुन्हा पुन्हा बंद होत असेल, तर खिशातला मोबाइल तपासा. वाय-फायला हेच खातं चालत असेल, तर फोन जुना पासवर्ड घेऊन सारखा दार ठोठावत राहतो.

लिनक्सच्या यंत्रावर पासवर्ड बरोबर असूनही पडदा क्षणभर काळा होतो आणि लॉगिनचीच चौकट परत येते. बहुधा डिस्कवरची तुमच्या वाट्याची जागा भरलेली असते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ दाबलं की मजकुरी पडदा येतो. तिथून आत जाऊन अनावश्यक फाइली काढा, किंवा ते काम आम्हाला सांगा.

एवढं पाहूनही अडलं, तर अर्ज करा. तो चालू वर्षाचा नियमित विद्यार्थी, नोंदणी झालेला पीएच.डी. संशोधक, विभागातला शिक्षक वा कर्मचारी यांना करता येतो. तासिका तत्त्वावरचे शिक्षक आणि प्रकल्प सहायक यांची खाती बहुधा नेमणुकीच्या मुदतीपुरती असतात. मुदत संपली असेल, तर मुदतवाढीचं पत्र आधी लागतं.

अर्जासोबत ओळखपत्राची प्रत द्या. ते अजून मिळालं नसेल, तर शुल्काची पावती किंवा बोनाफाइड. संशोधकांनी नोंदणीपत्र जोडावं. नाव बदललं असेल, तर राजपत्राची किंवा विवाह प्रमाणपत्राची प्रत. अर्जात पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक), युजरनेम, यंत्राचा क्रमांक, तारीख-वेळ, संदेशाचे नेमके शब्द आणि दुसऱ्या यंत्रावर प्रयत्न केला का, हे लिहा. पासवर्ड मात्र कधीच लिहू नका. अर्ज विभागप्रमुखांच्या सहीने संगणक केंद्राकडे जातो. ईमेलने पाठवायचा झाला, तर विद्यापीठाकडे नोंदवलेल्या पत्त्यावरूनच पाठवा, म्हणजे ओळख पटायला वेळ जात नाही.

तोवर मित्राचं खातं वापरू नका. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे: ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड. हेतू चांगला असला, तरी त्या खात्यावरून घडलेल्या प्रत्येक गोष्टीचा जाब मित्राला विचारला जातो.

तात्पुरता पासवर्ड मिळाला की लॅन जोडलेल्या यंत्रावर बसून तो लगेच बदला. आत गेल्यावर ‘टेम्पररी प्रोफाइल’ अशी सूचना दिसली, तर त्या डेस्कटॉपवर काहीही साठवू नका. साइन आउट करताच ते पुसलं जातं. काही लिहून झालंच असेल, तर उठण्याआधी पेनड्राइव्हवर घ्या आणि मग आम्हाला बोलवा.