कुजण्यावर तरंगणारी बेटं

पुनोच्या धक्क्यावरून बोट सुटते ती सकाळी सात-साडेसातला. पेरूच्या दक्षिण भागात, टिटिकाका सरोवराच्या काठी वसलेलं हे शहर. ऊन लख्ख असतं, पण अंगात जाड स्वेटर आणि डोक्यावर कानटोपी नसेल तर बोटीच्या टपावर बसवत नाही. सुरुवातीला मोठं, उघडं सरोवर दिसतच नाही. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच वाढलेलं हिरवं तोतोरा गवत आणि मधून बोट जाईल एवढी पाण्याची वाट. मग गवत मागे सरतं आणि पाण्यावर अंथरलेल्या पिवळसर चटया दिसायला लागतात. चटयांवर झोपड्या, चुली, धावणारी मुलं. बोट त्यातल्या एका चटईला टेकते.

पाय ठेवला की तो जरा खाली जातो. भाताच्या पेंढ्याचा जाड थर अंथरून त्यावर चालावं, तसं वाटतं. शेजारून मोठी बोट गेली की थोड्या वेळाने तिची लाट पोचते आणि पायाखालची जमीन हलकेच वर येऊन खाली बसते.

ही उरोस लोकांची तरंगती बेटं. ‘गवताची बेटं’ अशीच त्यांची जगभर ओळख आहे. पण बेटाचा भार मुख्यतः वरच्या गवतावर नसतोच. तो असतो खालच्या मुळांवर, आणि त्या मुळांत चाललेल्या कुजण्यावर.

तोतोरा ही लव्हाळ्याच्या कुळातली वनस्पती. आपल्याकडे ओढ्याकाठी, पुरात वाकून पुन्हा उभा राहणारा जो लव्हाळा दिसतो, त्याची ही लांबची आणि धिप्पाड नातेवाईक. तिची मुळं सरोवराच्या तळाशी गाळात असतात. त्या गाळात ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि मुळांना तर श्वास लागतो. म्हणून तोतोराच्या दांड्यात आतून हवेच्या पोकळ्यांची जाळी असते. दांडा आडवा कापला तर स्पंजासारखा दिसतो. वरची हवा या पोकळ्यांतून खाली मुळांपर्यंत उतरते. वनस्पतीने स्वतःच्या श्वासासाठी केलेली ही सोय माणसाच्या कामी आली: कापलेला दांडा म्हणजे आयती हवा भरलेली नळी, आणि ती पाण्यावर तरंगते.

गवताखाली वर्षानुवर्षं मुळं, मेलेले कंद आणि गाळ यांची एक घट्ट गादी तयार होत राहते. उरोस लोक तिला खिली म्हणतात. खालचा भाग कुजतो तसे त्यातून वायू सुटतात आणि मुळांच्या जाळ्यात अडकून बसतात. पावसाळ्यात, म्हणजे तिथल्या डिसेंबर ते मार्चमध्ये, पाणी चढलं की गादीचे काही भाग तळापासून सुटतात आणि या अडकलेल्या वायूंच्या जोरावर पृष्ठभागावर येतात. उरोस लोक मग करवतीने तिचे मोठे चौकोनी ठोकळे कापतात, बोटींनी ओढून एकत्र आणतात, प्रत्येकात निलगिरीचा खुंट ठोकतात आणि खुंट एकमेकांना दोरांनी बांधतात. खिलीतली मुळं जिवंत असतात. पुढे ठोकळ्यांमधली फट ती स्वतःच विणून टाकतात आणि एकसंध जमीन तयार होते. मग तिच्यावर कापलेला तोतोरा थरावर थर अंथरायचा, एक थर उभा, दुसरा आडवा. वर झोपड्या. बेट वाऱ्याबरोबर भरकटू नये म्हणून तळाशी रोवलेल्या लांब खांबांना ते दोरांनी बांधून ठेवतात.

भारतात याचं सख्खं भावंड आहे. मणिपूरच्या लोकटाक सरोवरातल्या फुमदी अशाच मुळं, माती आणि कुजक्या वनस्पतींच्या तरंगत्या गाद्या असतात. तिथेही लोक या गाद्यांवर झोपड्या बांधतात. उरोसांनी ती कापून, जोडून तिचं गाव केलं.

आता वरच्या थराकडे बघा. कुजणं तिथेही चालूच असतं, पण तिथे ते शत्रू आहे. पाण्याला टेकलेला तोतोरा भिजतो, त्याच्या पोकळ्यांत पाणी शिरतं, तो मऊ पडून दबतो. म्हणून दर काही आठवड्यांनी, पावसाळ्यात त्याहूनही लवकर, ताजं गवत कापून आणून अंथरावं लागतं. झोपड्या उचलून बाजूला ठेवायच्या, खाली नवा थर घालायचा, झोपड्या परत जागेवर. हे कधी संपत नाही. जी सड खाली बेटाला उचलून धरते, तीच वरून त्याला बुडवत असते, आणि दोन्हींच्या मधे विळा घेतलेला माणूस उभा असतो. मला या बेटांचं सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं ते याचंच. खिली जुनी झाली, तिचा दम संपला की बेट सोडून द्यायचं आणि नवं बांधायचं. एक बेट साधारण पाव शतक टिकतं.

तोतोराचा बुंध्याकडचा पांढरा, कोवळा भाग सोलून खातात. पाहुण्यांनाही देतात. चव काकडीसारखी, जरा फिकी. घर, जमीन, होडी, सरपण आणि थोडं खाणंही एकाच गवतातून. कोरड्या गवताच्या जमिनीवर चूल पेटवायची म्हणजे भलतं धाडस, म्हणून चुलीखाली दगड किंवा मातीचा थर असतोच. अलीकडे झोपडीशेजारी सौर पॅनेल दिसतात, त्यामुळे रात्री दिव्याची आग लागायची धास्ती बरीच कमी झाली आहे.

होडीवरून आठवलं. 1970 मध्ये नॉर्वेचा संशोधक थोर हायरडाल ‘रा 2’ नावाच्या गवती नावेतून मोरोक्कोहून निघाला आणि 57 दिवसांत अटलांटिक ओलांडून बार्बाडोसला पोचला. नाव होती इथिओपियाच्या पपायरसची, पण ती बांधली टिटिकाकाच्या बोलिव्हियाकडच्या बाजूने नेलेल्या आयमारा समाजाच्या कारागिरांनी. त्याआधीची ‘रा’ 1969 मध्ये वाटेतच विस्कटली होती. पपायरस आणि तोतोरा एकाच कुळातले. गवताची पेंडी किती आवळली की पाणी आत शिरायला वेळ लागतो, हे त्या कारागिरांच्या हातांना ठाऊक होतं.

बेटावर उतरताना ‘कामिसाराकी’ असं स्वागत होतं, आणि ‘वालिकी’ असं उत्तर द्यायचं असतं. ही आयमारा भाषा. उरोसांची स्वतःची जुनी भाषा या बेटांवरून गेली. बोलिव्हियातले चिपाया लोक तिच्या जवळची भाषा अजून बोलतात. भाषा गेल्यामुळे बाहेरचे म्हणत, की खरे उरोस केव्हाच संपले, हे तर पर्यटकांसाठी बेटांवर राहायला आलेले आयमारा. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात पेरू आणि बोलिव्हियातल्या उरोसांचे नमुने तपासले गेले. शेजारच्या आयमारा आणि केचुआ लोकांशी मोठी सरमिसळ झालेली दिसली, पण त्यांच्याहून वेगळ्या वंशरेषांचा वारसाही दिसला, विशेषतः वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रात. जिभेवरची भाषा बदलली म्हणून अंगातलं रक्त बदलत नाही. अर्थात कोण उरोस आणि कोण नाही हे प्रयोगशाळेने ठरवावं असं मला मुळीच वाटत नाही. पण ‘तुम्ही खोटे’ असं तोंडावर ऐकून घेणाऱ्या समाजाला असा पुरावा मोलाचा असतो.

उरोसांकडून बोट ताकिले बेटाकडे निघते तेव्हा खरं सरोवर उघडं पडतं. सुमारे 8300 चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या गोवा राज्याच्या दुपटीहून जास्त. सगळ्यात खोल जागी 280 मीटरहून अधिक. आणि उंची समुद्रसपाटीपासून 3812 मीटर. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली, तरी टिटिकाकाचं पाणी तिच्या पाचशे मीटर वर राहतं.

एवढ्या पाण्याला बाहेर जायला एकच नदी आहे, देसाग्वादेरो. सरोवरात जे पाणी येतं, त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी पाणी तिच्यातून वाहून जातं. उरलेलं उन्हाने आणि कोरड्या वाऱ्याने आभाळात जातं. दरवर्षी दीड मीटरहून जाड थर वाफ होऊन उडतो आणि पाऊस नि नद्या मिळून तो भरून काढतात. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, म्हणून टिटिकाकाचं पाणी किंचित खारट आहे. म्हणजे सरोवराचं गणितही उरोसांच्या बेटासारखंच: वरून किती पडतं आणि किती नाहीसं होतं. एखादा पावसाळा हुकला की पातळी लगेच उतरते. 2023 मध्ये दुष्काळाने ती नीचांकाजवळ पोचली, उथळ भागातला तोतोरा वाळला आणि उरोसांचं सगळं बांधकाम-साहित्यच धोक्यात आलं. उलट टोक 1986 चं. तेव्हा पाणी विक्रमी चढलं होतं. त्या सुमाराच्या वादळाने खुल्या सरोवरातली बेटं मोडली आणि बऱ्याच उरोसांनी पुनोजवळ, आडोशाच्या पाण्यात मुक्काम हलवला. बेट हलवता येतं हे खरं. पण ते पाणी असेल तिथेच जाणार.

ताकिलेला बोट लागते आणि वर गावापर्यंत दगडी पायऱ्या चढायच्या असतात. दहा पायऱ्यांतच छाती भरून येते. इथल्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण मुंबईइतकंच आहे, पण हवेचा दाबच समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाहून कमी. म्हणून एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच घटतो. आपण धापा टाकत कठड्याला टेकतो आणि पाठीवर ओझं घेतलेली एखादी आजी शांतपणे पुढे निघून जाते. अँडीजमधल्या लोकांच्या रक्तात हिमोग्लोबिन जास्त असतं आणि छातीचा पिंजरा मोठा. तिबेटी लोकांनी याच अडचणीतून वेगळी वाट काढली: त्यांचं हिमोग्लोबिन तितकं चढत नाही. अँडीजच्या वाटेची किंमतही आहे. रक्त फार दाट झालं तर जुनाट उंचीविकार होतो. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी 1920 च्या दशकात त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला मोंगेचा आजार म्हणतात.

याच पाण्यात एका बेडकाने तिसरी वाट शोधली. टिटिकाकाचा पाणबेडूक हवेत श्वास घ्यायला वर यायचं टाळतो. त्याची फुप्फुसं अगदी छोटी. त्याऐवजी अंगावर कातडीच्या सैल घड्या, जणू चार मापं मोठा सदरा घातलाय. कातडीचं क्षेत्रफळ वाढलं की पाण्यातला ऑक्सिजन जास्त शोषता येतो. पाण्यात ऑक्सिजन कमी पडला तर तो तळाशी बसून अंग खालीवर करतो, घड्यांवरून ताजं पाणी फिरवतो. त्याच्या तांबड्या पेशी बारीक आणि संख्येने भरपूर. पायऱ्या चढणारी आजी आणि तळाशी जोर काढणारा बेडूक यांच्यापुढचा प्रश्न एकच आहे.

ताकिलेवर केचुआ बोलणारे लोक राहतात. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, आणि ती टिकतात ती सरोवराच्या जिवावर. या पठारावर जून-जुलैच्या रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. पण सरोवराचं वरचं पाणी वर्षभर साधारण 10 ते 15 अंशांत राहतं. एक घनमीटर पाणी एक अंशाने गार होताना जी उष्णता देतं, ती तेवढ्याच हवेच्या तीन हजार पटींहून जास्त असते. दिवसभर घेतलेलं ऊन सरोवर रात्री हळूहळू परत देतं, म्हणून काठावर आणि बेटांवर गोठलेलं दहिवर कमी पडतं आणि बटाट्याबरोबर थोडा मकाही होतो. जुन्या शेतकऱ्यांनी तर काठच्या मैदानात उंच वाफे घालून मधे पाण्याचे चर खोदले, म्हणजे प्रत्येक वाफ्याला स्वतःचं छोटं सरोवर मिळालं. या वाफ्यांना वारू-वारू म्हणतात. मोडकळीला आलेली ही पद्धत 1980 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ आणि गावकऱ्यांनी मिळून पुन्हा करून पाहिली.

आणि जिथे कडक दहिवर पडतं, तिथे लोकांनी त्यालाच कामाला लावलं. बटाटे रात्री उघड्यावर पसरायचे. ते गोठतात, पेशी फुटतात. दिवसा उन्हात वितळले की पायांनी तुडवून पाणी काढायचं. काही दिवस हे केलं की हलका, काळपट चुन्यो तयार होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. कडू जातींतला विषारी अंशही या खटाटोपात पुष्कळ कमी होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणं घालतात, तसं हे थंडीचं वाळवण. बटाटा मुळात माणसाळला तो याच दक्षिण पेरूच्या परिसरात. आपला ‘बटाटा’ हा शब्द मात्र पोर्तुगिजांकडून आला, आणि त्यांनी तो कॅरिबियन बेटांवरच्या रताळ्यावरून उचलला होता. पेरूत बटाट्याला अजून ‘पापा’च म्हणतात. उपासाला आपण जो हक्काने खातो, तो इतक्या लांबून आलेला आहे.

ताकिलेच्या चौकात पुरुष सुया घेऊन विणत बसलेले असतात. विणकाम मुलगे लहानपणीच शिकतात. पूर्ण लाल टोपी म्हणजे लग्न झालेला, पांढरा शेंडा असेल तर अविवाहित. बायका जमिनीवर खुंट ठोकून मागावर पट्टे विणतात, आणि पट्ट्यांच्या नक्षीत शेतीचं वर्ष असतं: पेरणी, कापणी, सण. युनेस्कोने 2005 मध्ये या कलेचा गौरव केला. पर्यटकांच्या बोटी आणि मुक्काम स्वतःच्या हाती राहावेत म्हणून ताकिलेच्या लोकांनी 1970 च्या दशकापासून सामुदायिक व्यवस्था उभी केली. जेवण कुठल्या घरी, हेही पाळीने ठरतं. मला ही पद्धत न्याय्य वाटते.

जेवणात बहुधा ट्राउट मासा असतो. तो इथला नव्हे. 1940 च्या सुमारास उत्तर अमेरिकेतून आणून सोडला. त्यानंतर सरोवरातले स्थानिक मासे घटत गेले आणि त्यातली उमांतु नावाची मोठी जात नामशेष झाली.

दुपारी परतीचा प्रवास. पुनोचा आखात जवळ आला की पाण्याचा निळा रंग जातो. काठालगत हिरव्या, बारीक पानांची साय धरलेली असते. शहरांचं सांडपाणी इथे येतं, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ती पोसते, आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये सरोवराला मिळणाऱ्या कोआता नदीच्या पात्रात सुमारे 10,000 पाणबेडूक मेलेले आढळले. कातडीने श्वास घेणाऱ्या प्राण्याला घाण पाण्यापासून पळायला जागा नसते. इथेही तोतोरा आपलं काम करतो, पाण्यातली पोषकद्रव्यं शोषून घेतो. म्हणून 1978 मध्ये टिटिकाका राष्ट्रीय राखीव क्षेत्र घोषित झालं तेव्हा ही गवतं त्याच्या केंद्रस्थानी होती. पण शहरांची घाण एकट्या गवताने निस्तरावी, ही अपेक्षाच चुकीची आहे.

धक्क्याच्या अलीकडे, गवताच्या वाटेत एखादी छोटी होडी भेटते. काठोकाठ ताज्या, हिरव्या तोतोराच्या पेंड्या, मागे एक बाई वल्हं मारत असते. ती बेटाकडे निघालेली असते. पेंड्या उतरवून अंधाराआधी अंथरायच्या असतात.