लॅबला कुलूप लागल्यानंतरचे कॉम्प्युटर

नांदेड, लातूर, परभणी, संभाजीनगर, मराठवाड्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निक कॉलेजात संध्याकाळी डोकावून बघा. प्रॅक्टिकलची शेवटची बॅच गेलेली असते आणि लॅबमधले तीस-चाळीस कॉम्प्युटर सकाळपर्यंत नुसते बसून असतात. दिवसाही ते फार राबत नाहीत. विद्यार्थी प्रोग्रॅम टाइप करत असतो तेव्हा प्रोसेसर बहुतेक वेळ पुढचं बटण कधी दाबलं जातंय याची वाट बघत असतो. या ताकदीचे पैसे आपण आधीच मोजलेले आहेत, म्हणून ती वाया जाताना बघून मला फार हळहळ वाटते. ती वापरायला लागणारी सॉफ्टवेअर खुली आणि मोफत आहेत. आणि एक काम तर या मशिन्सना अगदी फिट बसतं: सॉफ्टवेअरची पॅकेजं बिल्ड करणं.

लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आपण एखादं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करतो तेव्हा नेटवरून तयार पॅकेज उतरतं. ते कुणीतरी आधी तयार केलेलं असतं. प्रोग्रॅमरने लिहिलेला सोर्स कोड कंपायलरमधून, म्हणजे तो मशिनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढायचा, तयार झालेले तुकडे जोडायचे आणि सगळं एका पॅकेजात भरायचं, याला बिल्ड म्हणतात. कधी ते काही सेकंदांत उरकतं, कधी तासन्‌तास चालतं. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत ६९,८३० पॅकेजं आहेत. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ ही प्रणालीसुद्धा डेबियनवरच उभी आहे. इतकी पॅकेजं, तीही वेगवेगळ्या जातींच्या प्रोसेसरांसाठी, माणसानं बसून बिल्ड करायची म्हटलं तर जन्म पुरायचा नाही.

डेबियनने हे काम आपोआप होईल असं बसवलं ते अडचणीतून. जुलै १९९८ मधली डेबियन २.० इंटेलबरोबर मोटोरोलाच्या ६८००० मालिकेतल्या प्रोसेसरांवरही चालायची. ते प्रोसेसर असलेले अमिगा आणि अटारी हे कॉम्प्युटर तोवर म्हातारे झाले होते. एका मशिनला झेपेना, म्हणून अनेक मशिन्सनी काम वाटून घ्यायचं ठरलं. कुठलं पॅकेज बाकी आहे, कुठलं कुणी उचललंय, कुठलं अडलंय, याची मध्यवर्ती नोंद ठेवणारी व्यवस्था त्यातून उभी राहिली. मशिन मोकळं झालं की ते यादीतलं पुढचं काम स्वतःहून उचलतं. डेबियनची आजची बिल्ड मशिन्स याच कामासाठी राखून ठेवलेली असतात, पण पद्धत तीच आहे.

दुसऱ्याच्या रिकाम्या मशिनवर आपलं काम चालवण्याचा विचार याहून जुना. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी आणि सहकाऱ्यांनी ‘कॉन्डॉर’ हे सॉफ्टवेअर तयार केलं आणि १९८८ मध्ये त्यावर शोधनिबंध मांडला. कीबोर्डला बराच वेळ कुणी हात लावला नाही की कॉन्डॉर ते मशिन रिकामं समजून त्याच्यावर काम पाठवतं. मालक परत आला की काम थांबवतं आणि गरज पडली तर दुसरीकडे हलवतं. आपल्याकडच्या इर्जिकीसारखं आहे हे: स्वतःची पेरणी उरकलेले शेतकरी मागे पडलेल्याच्या रानात औतं घेऊन जातात, पण घरचं काम निघालं तर आधी तिकडे. आज ते एचटीकॉन्डॉर नावाने अनेक संशोधन संस्थांत वापरात आहे.

लॅबमध्ये सुरुवात करायला सोपं पडेल ते मार्टिन पूल यांचं ‘डिस्टसीसी’; ते कंपाईल करायचं काम शेजारच्या मशिन्सना वाटून देतं. समजा, दोनशे ओळींची सी भाषेतली एक फाइल कंपाईल करायची आहे. तिच्या डोक्यावर दहा-पंधरा हेडर फाइली, म्हणजे दुसरीकडे लिहिलेल्या कोडची ओळख करून देणाऱ्या फाइली, जोडलेल्या असतात. तुमचं मशिन आधी तो सगळा मजकूर एकत्र करतं, आणि दोनशे ओळींच्या कित्येक हजार ओळी होतात. हा गठ्ठा लॅनवरून शेजारच्या मशिनकडे जातो. तिथला कंपायलर त्यातून ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे मशिनच्या भाषेतला तुकडा, काढून परत पाठवतो. शेजारच्या मशिनवर तुमच्या हेडर किंवा लायब्ररी (इतर प्रोग्रॅमांना वापरता येणारा तयार कोड) असायची गरजच पडत नाही; कंपायलर मात्र त्याच आवृत्तीचा हवा. शेवटची जोडणी, म्हणजे लिंकिंग, तुमच्याच मशिनवर होते.

मशिन्स वाढवत नेली तरी वेग एका ठिकाणी अडतो, तो या शेवटच्या टप्प्यापाशी. साठ मिनिटांच्या बिल्डमध्ये सहा मिनिटं अशी असतील की जी वाटता येत नाहीत. उरलेली ५४ मिनिटं तीस मशिन्सवर वाटली तर एकूण वेळ ७.८ मिनिटं. साठ मशिन्स लावली तर ६.९. दुप्पट मशिन्स, आणि फायदा एक मिनिटाचाही नाही. कॉम्प्युटर रचनाकार जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये हीच मर्यादा दाखवून दिली होती. म्हणून पॅकेजं पुष्कळ असतील तर एकेका मशिनला अख्खं पॅकेज देणं जास्त परवडतं. त्यातही क्रम पाळावा लागतो: ‘ब’ला ‘अ’ची लायब्ररी लागत असेल तर ‘अ’ तयार होईपर्यंत ‘ब’ रांगेतच थांबतं.

लॅबचं मशिन शंभर हातांतून गेलेलं असतं. कुणी प्रोजेक्टसाठी कुठली लायब्ररी टाकून ठेवलीय, कुणाला आठवतही नाही. अशा मशिनवर पॅकेज गुपचूप त्या लायब्ररीच्या आधारानं बिल्ड होतं आणि दुसऱ्याकडे गेलं की चालत नाही. यावर उपाय म्हणजे प्रत्येक बिल्डसाठी कोरी खोली उघडायची. मूळ प्रणाली आणि पॅकेजनं मागितलेल्या गोष्टी, एवढंच आत ठेवायचं, आणि काम झालं की ती पुसून टाकायची. काही मागायचं राहिलं असेल तर बिल्ड तिथल्या तिथे फसतं, आणि ते तिथेच फसलेलं बरं.

विश्वासाचा प्रश्न याहून गंभीर आहे. त्या मशिननं पॅकेजात भलतंच काही घुसवलं नाही कशावरून? तेच पॅकेज दोन वेगळ्या मशिन्सवर बिल्ड करायचं आणि दोन्हींचे हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेले ठशासारखे आकडे, ताडून बघायचे. एका बिटचा फरक पडला तरी कळतो. त्यासाठी बिल्डची वेळ, फोल्डरचं नाव असल्या बदलत्या गोष्टी पॅकेजात उतरू द्यायच्या नाहीत. डेबियनमध्ये २०१३ पासून यावर चिकाटीनं काम चालू आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. रिकामी मशिन्स इथे साक्षीदारही होतात.

आता आपल्याकडची अडचण: लाइट. बिल्ड अर्धवट असताना लाइट गेली तर गेलेलं काम तेवढंच. सोर्स कोड जागेवर असतो, यादीत ते पॅकेज पुन्हा ‘बाकी’ दिसतं, आणि लाइट आल्यावर कुठलंही मशिन ते नव्यानं सुरू करतं. यादी ठेवणारं एक मशिन तेवढं यूपीएसवर हवं. पूर्ण कामाला लागलेला कॉम्प्युटर वीज जास्त खातो आणि तापतोही. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा काम रात्रीच लावावं आणि रांग संपली की मशिन्स आपोआप बंद होतील असं बसवावं.

सुरुवात एका नेटवर्क स्विचला जोडलेल्या आठ-दहा मशिन्सनी करता येईल. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टला हा विषय पुरून उरेल. डिस्टसीसीला फक्त लॅबमधल्याच आयपी पत्त्यांची परवानगी द्यावी, कारण ते इंटरनेटला उघडं राहिलं तर बाहेरचा माणूस त्या मशिनवर हवी ती कमांड चालवू शकतो. आणि पॅकेजवर सही करायची डिजिटल किल्ली लॅबच्या मशिन्सवर ठेवू नये. ती एकाच वेगळ्या मशिनवर, जबाबदार माणसाच्या ताब्यात असावी.