गुटखाबंदीची अंमलबजावणी (सांगली जिल्हा)

गुटखा, पानमसाला, सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी आणि मावा (सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेले मिश्रण) यांचे उत्पादन, साठा, वाहतूक व विक्री रोखण्यासाठी सांगली जिल्ह्यात पोलीस आणि अन्न व औषध प्रशासन करीत असलेली कारवाई. तंबाखूचे पीक, साधी तंबाखू, विडी व सिगारेट यांवर महाराष्ट्रात बंदी नाही. कृष्णाकाठी तंबाखूचा व्यापार जुना आहे आणि सीमेपलीकडची निपाणी तर त्याचीच पेठ म्हणून ओळखली जाते. त्यामुळे तंबाखूचे पोते दिसले की ते बेकायदा, असे या भागात म्हणता येत नाही. माल कोणता, तो कुठून आला आणि कुठे चालला, हे ठरवण्यापासूनच तपासाला सुरुवात होते.

राज्यात गुटखा व पानमसाल्यावर जुलै २०१२ मध्ये बंदी आली. त्यासाठी वेगळा कायदा केलेला नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३० नुसार अन्न सुरक्षा आयुक्त एका वर्षापुरता मनाई आदेश काढतात आणि मुदत संपली की तो पुन्हा काढावा लागतो. कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू वा निकोटिन घालू नये, असे २०११ चे केंद्रीय विनियम सांगतात. बंदीला त्यांचाही आधार आहे. पुढे सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी व मावा हेही आदेशाच्या कक्षेत आले. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाणारे निघाले, तर धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के. या राज्यात तंबाखूचा प्रश्न मुख्यतः तोंडात धरण्याच्या तंबाखूचा आहे, आणि तोंडाच्या कर्करोगाने घरेच्या घरे उद्ध्वस्त होतात ती त्यामुळेच.

सांगलीत या कारवाईला विशेष महत्त्व आले ते सीमेमुळे. मिरज, कवठेमहांकाळ आणि जत हे तालुके कर्नाटकला लागून आहेत. मिरजेहून म्हैसाळ ओलांडले की कागवाड लागते, जतमधून अथणी आणि विजयपूरकडे रस्ते जातात. कर्नाटकातही २०१३ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तंबाखू नसलेला पानमसाला तिथे दुकानात मिळतो. कारखानदार पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशा जोडीने माल देतात आणि गिऱ्हाईक दोन्ही एकत्र करून खाते. एका बाजूला बिलावर घेतलेला माल सीमा ओलांडताच मुद्देमाल ठरतो. नाकाबंदी फक्त महाराष्ट्राच्या बाजूने लावून हा प्रवाह आटत नाही, याचे मूळ कारण हेच आहे.

मुख्य रस्त्यांवर तपासणी असली तर शेतशिवारातल्या आडवाटा असतात. माल बहुधा टेम्पोतून पशुखाद्याच्या, कांद्याच्या वा भाजीपाल्याच्या पोत्यांखाली येतो. पुढे एखादी मोटार रस्ता मोकळा असल्याचे फोनवर कळवत राहते. पुणे-बंगळूर महामार्गाने येणारा माल वाळवा तालुक्यातील पेठ, कासेगाव भागातून साताऱ्याकडे सरकतो. टोलनाक्यांवरचे कॅमेरे व फास्टॅगच्या नोंदी यांमुळे गाडीचा मागचा प्रवास नंतर काढता येतो. पण गाडी अडवली जाते ती बहुतेक वेळा बातमीदाराच्या सांगण्यावरून. स्थानिक गुन्हे शाखेचा हवालदार वर्षानुवर्षे जी माणसे जपतो, त्यांच्याखेरीज कोणत्या टेम्पोची ताडपत्री उचलायची हे कळणे कठीण.

गाडी सापडल्यानंतरचे दोन-तीन तास सर्वांत मोलाचे असतात. दोन पंच बोलावले जातात, पोती उतरवून फोडली जातात, पुड्यांच्या माळा आणि पाकिटे मोजली जातात. पंचनाम्यात प्रत्येक प्रकाराचे नाव, वजन, छापील किंमत आणि बॅच क्रमांक उतरवावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाल्यावर झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक झाले. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेऊन त्याचे चार भाग करतात, लाख लावून सील करतात आणि एक भाग अन्न विश्लेषकाकडे पाठवतात. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. यात निष्काळजीपणा झाला, सीलवर सही करायची राहून गेली, पंच ऐनवेळी फितूर झाले, की लाखोंचा मुद्देमाल पकडूनही खटला टिकत नाही. वर्तमानपत्रात छापून येते ती जप्तीची रक्कम. निकाल मात्र या कागदांवर लागतो.

कलमांचा प्रश्नही बराच काळ अडखळत राहिला. पोलीस भारतीय दंड संहितेचे कलम ३२८, म्हणजे अपायकारक पदार्थ देण्याचे कलम, लावत. ते अजामीनपात्र असून शिक्षा दहा वर्षांपर्यंत होती. अन्न सुरक्षा कायदा असताना दंड संहितेची कलमे लावता येणार नाहीत, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने घेतली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मात्र भेसळीची कलमे २७२ व २७३ अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५९ बरोबर चालणार नाहीत, असे त्याच न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एका वेगळ्या प्रकरणात सांगितले. ३२८ ची जागा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ ने घेतली आहे. पोलिसांनी माल पकडला तरी फिर्याद बहुधा अन्न सुरक्षा अधिकारीच देतात, म्हणून दोन्ही खात्यांचा मेळ बसणे अत्यावश्यक ठरते.

शाळा-महाविद्यालयांच्या आसपासच्या टपऱ्यांसाठी २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आहे. शंभर यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत, पण दंड दोनशे रुपयांपर्यंतच आहे. मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हे कलम अधिक वापरले जायला हवे. सचित्र इशारा नसलेल्या तस्करीच्या सिगारेटी आणि २०१९ पासून बंदी असलेल्या ई-सिगारेटी हा वेगळा विषय असून त्यात सीमाशुल्क विभाग व महसूल गुप्तवार्ता संचालनालय यांचे काम येते. तंबाखूच्या अवैध व्यापाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार (प्रोटोकॉल) भारताने २०१८ मध्ये स्वीकारला.

कारवाईतला खरा कमकुवत दुवा तपासाच्या वरच्या टोकाला आहे. टपरीवाला सापडतो, टेम्पोचालक सापडतो. माल कुणी भरला, पैसे कुणी दिले, गोदाम कुणाच्या नावावर आहे, इथपर्यंत गुन्ह्याचे कागद क्वचितच पोहोचतात. पाकिटावरचा बॅच क्रमांक, चालकाच्या मोबाइलचा सीडीआर (कॉलच्या नोंदी), बँकेतले व्यवहार आणि आंतरराज्य मालासाठी लागणारे ई-वे बिल या चार गोष्टी जुळवल्या तर पुरवठादार गाठता येतो. त्यासाठी बेळगाव व विजयपूर जिल्ह्यांच्या पोलिसांची मदत लागते आणि तपास अधिकाऱ्याला तेवढा वेळ मिळावा लागतो. दर आठवड्याला टपऱ्या तपासून आकडा दाखवण्यापेक्षा असा एक गुन्हा शेवटपर्यंत नेणे जिल्ह्याच्या अधिक उपयोगाचे आहे.

माव्याला मात्र सीमेची गरज लागत नाही. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एवढ्यावर तो गल्लीतल्या खोलीत तयार होतो. प्लास्टिकच्या कागदात घोटून गिऱ्हाइकाच्या हातात दिला जातो. पुडीवर ना नाव, ना बॅच क्रमांक. मोठे अड्डे विजेच्या मोटारीवर चालणारे मशीन ठेवतात आणि एकाच ठिकाणाहून अनेक टपऱ्यांना पुरवठा करतात. इथे पथकाला तयार माव्याबरोबर मशीन, सुपारीची पोती व तंबाखूचे डबे एकाच पंचनाम्यात घ्यावे लागतात, कारण सुटी सुपारी आणि साधी तंबाखू जवळ बाळगणे हा गुन्हा नाही. एकत्र घोटल्याचा पुरावा हाती असेल तरच तो माल बंदीखाली येतो. जप्त मावा व गुटखा खटल्यासाठी नमुने राखून न्यायालयाच्या परवानगीने नष्ट केला जातो. परवानगी येईपर्यंत पोती पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पडून राहतात आणि त्यांची राखण मुद्देमाल कारकुनाला करावी लागते.